गावच्या बांधावरून पक्ष्यांचे फोटो: आधी लेन्स की आधी बैठक?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नोकरी पुण्यात, गाव सासवडच्या पलीकडे, शनिवार-रविवार गावी जाणं होतं. क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) जुना कॅमेरा आणि ७०-३०० मिलिमीटरची लेन्स घेतली आहे. घरचं शेत, खाली ओढा, जवळ पाझर तलाव, वर गायरानाचा माळ. पक्षी भरपूर दिसतात, पण जवळ गेलं की उडतात आणि लांबून काढलेले फोटो मऊ, म्हणजे अस्पष्ट येतात. तर १५०-६०० घ्यावी का? पक्ष्यांसाठी उजनीकाठच्या भिगवणला जावं का? आणि माळावर टिटवीची अंडी दिसतात, उसात बिबट्या आहे म्हणतात, त्यांचे फोटो कसे काढावेत?

मोठी लेन्स आत्ता घेऊ नका. बावीस वर्षं पुण्याच्या आसपास हे काम करून, बऱ्याच लेन्स घेऊन आणि विकून हे सांगतोय. तुमची अडचण अंतराची आहे, आणि अंतर कमी करायचा जो उपाय तुमच्याकडे आहे तो शहरातल्या फोटोग्राफरकडे नाही. घरचं शेत आहे. तिथे तुम्ही दर आठवड्याला त्याच बांधावर, त्याच वेळेला बसू शकता.

एक साधं गणित पाहा. तुमच्या कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटरला बारा मीटरवरच्या वस्तूची जवळपास ९४ सेंटिमीटर रुंदी चौकटीत मावते. वेडा राघू चोचीपासून शेपटीच्या काडीपर्यंत वीसेक सेंटिमीटरचा, म्हणजे तो चौकटीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्यात येणार. ६०० मिलिमीटरची लेन्स लावली तर रुंदी ४७ सेंटिमीटर होते. पण त्याच ३०० ने तुम्ही सहा मीटरवर बसलात तरी ४७ च होते. अंतर निम्मं करणं आणि लेन्स दुप्पट करणं हे चौकटीपुरतं सारखंच. फरक इतकाच की जवळ बसल्यावर मधली हवाही निम्मी होते. आपल्याकडे उन्हं चढली की नांगरलेल्या रानावरची हवा हलायला लागते, आणि मऊ फोटोंचं कारण पुष्कळदा लेन्स नसून ही हवाच असते. साडेनऊनंतर तीस मीटरवरच्या टिटवीचा फोटो काढलात तर पंधरा लाखांची लेन्ससुद्धा पिसं स्पष्ट दाखवणार नाही.

आता सहा मीटरवर बसायचं कसं, हाच खरा विषय.

पक्षी तुमच्या कॅमेऱ्याला घाबरत नाही, तुमच्या चालीला घाबरतो. खुरपणाऱ्या बाईच्या पाठीमागे धोबी पक्षी शेपटी हलवत फिरत असतो. पाळी घालणाऱ्या (कुळवणाऱ्या) ट्रॅक्टरमागे गायबगळे, कोतवाल आणि साळुंक्या चक्क फाळाला चिकटून चालतात. तोच पक्षी, दबक्या पावलांनी त्याच्यावर नजर रोखून येणाऱ्या माणसाला पाहून चाळीस फुटांवरून उडतो, कारण अशी चाल मांजराची असते. म्हणून सरळ पक्ष्याच्या दिशेने चालू नका. कामाला चाललेल्या माणसासारखं बांधाच्या कडेने तिरकं जा, मध्ये थांबा, वाका, दुसरीकडे बघा. पक्ष्याने चरणं थांबवून मान ताठ केली की तिथेच बसा. तो पुन्हा चरायला लागल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही.

पण याहून चांगला मार्ग म्हणजे पक्षी कुठे येणार हे आधी जाणून तिथे आपण आधी जाऊन बसणं. यासाठी घरच्यांना दोन गोष्टी विचारत जा: उद्या भरणं (पाणी देणं) कुठल्या रानात आहे, आणि पाळी कधी घालायची आहे. पाणी सरीतून पुढे सरकायला लागलं की मातीतले किडे, गांडुळं वर येतात आणि अर्ध्या तासात बगळे, शराटी, धोबी, मैना हजर होतात. दारं धरणाऱ्या माणसाजवळ, पाटाच्या कडेला गोणपाट टाकून बसलात तर काळा शराटी लाल टोपी मिरवत दहा मीटरपर्यंत आलेला मी पाहिला आहे. पुण्याहून पहाटे गाडी काढून येणाऱ्याला ही वेळ कळत नाही. तुम्हाला ती आदल्या रात्री जेवताना कळते.

दुसरी जागा हरभऱ्याची. घाटे अळीसाठी पिकात पक्षीथांबे लावायची शिफारस तुमच्या घरी माहीत असेलच, एकरी वीसेक. काठीवर आडवी काठी बांधली की झालं. कोतवाल, वेडा राघू, खाटीक तिथे बसतात आणि अळ्या, किडे टिपतात. आता त्यातला बांधाजवळचा एक थांबा तुमच्या सोयीने लावा. आडव्या बांबूऐवजी बोरीची किंवा बाभळीची वाळकी, वाकडी फांदी. मागे किमान वीस-पंचवीस मीटर मोकळं रान, म्हणजे पार्श्वभूमी हिरव्या रंगात विरघळते. तुमची बसायची जागा थांब्याच्या पूर्वेला, सहा-सात मीटरवर. सकाळचं ऊन पाठीमागून येईल, तुमची सावली थांब्याकडे पडेल. पक्षी वाऱ्याला तोंड करून उतरतो आणि बसतो. हिवाळ्यात सकाळचा मंद वारा आपल्याकडे बरेचदा पूर्वेकडूनच असतो, त्यामुळे ऊन आणि वारा दोन्ही तुमच्या पाठीला आणि पक्ष्याचं तोंड तुमच्याकडे.

फांदी लावल्यावर पहिले दोन शनिवार कॅमेरा बाहेर काढू नका. नुसतं बसा. हे अवघड जातं, मलाही जायचं, पण या दोन सकाळींतच सगळं कळतं. वेडा राघू थांब्यावरून झेप घेतो, माशी किंवा चतुर पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच फांदीवर परत येतो. मग भक्ष्य फांदीवर आपटतो. मधमाशी असेल तर तिची नांगी घासून काढतो आणि मग गिळतो. एकदा ही लय लक्षात आली की परतीची दिशा ठरलेली असते. मग उडत्या पक्ष्यामागे कॅमेरा फिरवत बसायचं कारण नाही. फांदीच्या जरा अलीकडे फोकस धरून वाट पाहायची. माझा राघूचा सगळ्यात समाधानाचा फोटो दिवे गावाजवळच्या एका वाटाण्याच्या रानातला, साध्या ७०-३०० ने काढलेला आहे. त्याच्या आधी त्या बांधावर माझ्या नऊ सकाळी गेल्या होत्या.

आता कॅमेऱ्याचं. यात फार गुंतू नका, पण चार गोष्टी चुकतात त्या सांगतो. तुमची लेन्स पूर्ण ३०० ला आणि पूर्ण उघड्या अपर्चरला (लेन्समधून प्रकाश आत सोडणाऱ्या भोकाला) थोडी मऊ असते. २५०-२८० आणि एफ ८ वर तीच लेन्स बरंच स्पष्ट चित्र देते. मॅन्युअल मोडवर शटर आणि अपर्चर तुम्ही ठरवा, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटोवर सोडा. बसलेल्या पक्ष्याला शटर १/८०० सेकंद, उडणाऱ्याला १/२००० च्या आसपास. आयएसओ १६०० झाला म्हणून घाबरू नका. दाणे आलेला फोटो सुधारता येतो, हललेला नाही. फोकस सलग पाठलाग करणाऱ्या मोडवर, बिंदू एकच, आणि तो डोळ्यावर. लेन्सपुढे दुकानदाराने बसवून दिलेला स्वस्त यूव्ही फिल्टर असेल तर आजच काढा. बगळा उन्हात असेल तर एक्स्पोजर एक स्टॉपने, म्हणजे निम्म्याने कमी करा, नाहीतर पिसांचा नुसता चुना होतो. आकाशावर दिसणाऱ्या घारीला एक स्टॉप वाढवा. कोतवाल काळा कुळकुळीत, त्यालाही थोडं वाढवूनच द्यावं लागतं. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न दाबलेल्या मूळ फाइलमध्ये काढा.

ट्रायपॉड रानात अडचणच करतो. जुन्या जीन्सचा एक पाय कापून पिशवी शिवा, रिकामीच गावी न्या आणि तिथे दीड-दोन किलो ज्वारी भरा. बांधावर, दगडावर, गाडीच्या खिडकीवर ठेवून त्यावर लेन्स टेकवायची. जमिनीवर चरणारा पक्षी असेल तर पालथं पडून त्याच्या डोळ्याच्या पातळीवर या. उभ्याने काढलेला चंडोल मातीतला ढेकूळ दिसतो. पडून काढलात की त्याचा तुरा, मागची विरलेली माती, सगळं वेगळंच होतं. मात्र पडण्याआधी जागा काठीने चाळवून घ्या. माळावरच्या दगडाखाली फुरसं आणि थंडीत उन्हाला पडलेली घोणस, दोन्ही तुमच्या भागात आहेत, आणि दोन्ही मातीच्या रंगाच्या आहेत. घोट्याच्या वर येणारे बूट घाला. दावणीजवळ, कडब्याच्या गंजीशेजारी तर अंधारात कधीच हात घालू नका.

टिटवीच्या अंड्यांबद्दल मात्र मला थांबून सांगायचंय.

सुरुवातीच्या वर्षांत, मे महिन्यात, सासवडकडच्याच एका माळावर मला माळटिटवीची चार अंडी सापडली. घरटं म्हणजे काय, खड्यांमध्ये केलेला उथळ खळगा. सकाळचे दहा वाजले होते. जोडी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती आणि मी समजत होतो की ती आपली सवय करून घेतील. पाऊण तास तिथे होतो. अंड्यांचे फोटो काढले, नंतर पक्षी येऊन बसतोय का याची वाट पाहिली. त्या वयात मला वाटायचं की पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला. मे महिन्यात माळावर तो बसतो, उभा राहतो, ते सावली धरायला. टिटव्या पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणून अंडी गार ठेवतात. त्या उन्हात अंडी उघडी राहिली तर आतला जीव शिजतो. पुढच्या रविवारी गेलो तेव्हा चारही अंडी तशीच होती आणि जोडी नव्हती. ते फोटो अजून माझ्याकडे आहेत, मी कुणाला दाखवत नाही.

म्हणून घरट्याचे, अंड्यांचे फोटो नकोत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणंही येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी कारण तेच. तुमचा वास, तुमची पायवाट, तुमच्यामुळे उठलेला पक्षी, हे सगळं कावळा आणि मुंगूस वाचत असतात. माळावर टिटवी एकटी नाही. चंडोल, धाविक, पखुर्डी, रातवा हे सगळे उघड्या जमिनीवर अंडी घालतात. सासवडच्या माळांवर हल्ली फोटोसाठी लोक गाड्या थेट गवतात घालतात, त्या चाकांखाली काय जातं हे वर बसलेल्याला दिसतसुद्धा नाही. तुमच्या गायरानावर कुणी अशी गाडी घातली तर गावकरी म्हणून तुम्ही थांबवू शकता. आम्हा बाहेरच्यांचं कोणी ऐकत नाही.

तुमच्याकडून एक काम मात्र होण्यासारखं आहे. अंडी रानात असतील तर जागेवर खूण म्हणून दगड-काठी काही न लावता, ट्रॅक्टरवाल्याला आधी बोलवून लांबून जागा दाखवा आणि तेवढा तुकडा चारेक आठवडे सोडायला सांगा. टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर दिवसभरात चालायला लागतात. मग ती आईबापांबरोबर पाझर तलावाच्या काठी येतात. फोटो तिथे, लांबून, पाण्याच्या पलीकडून काढा. टिटवी ओरडायला लागली की तुम्ही जास्त जवळ आलात एवढं समजून मागे सरा. हाच नियम इतर पक्ष्यांनाही. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावणं विणीच्या दिवसांत फार वाईट. नर आपली हद्द राखायला येतो, पिल्लांना भरवणं सोडून तुमच्या स्पीकरशी भांडत बसतो.

सुगरणीचं काय, असं विचाराल. तिचं घरटं विहिरीवर लोंबतं, जुलै-ऑगस्टमध्ये विणकाम चालू असतं, तेव्हा नर अर्धवट घरट्यावर उलटा लटकून पंख फडफडवतो. तो काळ, विहिरीच्या पलीकडच्या काठावरून, फांदीला हात न लावता, चालेल. अर्धवट विणलेल्या घरट्यात अंडी नसतात. घरट्याला खाली नळी आली की समजा आत संसार सुरू झाला, मग निघा. आणि विहिरीच्या काठावर पावसात शेवाळ असतं. नजर व्ह्यूफाइंडरमध्ये अडकलेली असताना एक पाऊल मागे पुढे झालं तर काय, याचा विचार आधी करा.

बिबट्याचं उत्तर लहान आहे. नको. उसाच्या कडेला, तिन्हीसांजेला, एकटं, खाली वाकून बसलेला माणूस हा बिबट्याला माणसासारखा दिसत नाही, आकाराने लहान जनावरासारखा दिसतो. जुन्नर, शिरूर, आंबेगावच्या लोकांनी याची किंमत मोजली आहे. दिसला तर गावात सांगा, वनखात्याला १९२६ वर कळवा. पिल्लं सापडली तर हात लावू नका, त्यांच्याभोवती मोबाइल घेऊन गर्दी होऊ देऊ नका. मादी ती न्यायला येते.

लांडगा, खोकड आणि चिंकारा यांचं वेगळं. तुमच्या माळावर धनगरांचे वाडे बसत असतील तर त्यांच्याशी ओळख करा, पण कॅमेरा पिशवीत ठेवून. लांडगा कुठून येतो, कधी येतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, कारण त्यांची करडं जातात. मला माळावरच्या जनावरांबद्दल जे येतं त्यातलं निम्मं एका म्हाताऱ्या धनगराने शिकवलेलं आहे. त्याने मला एकदा सांगितलं की जागा दाखवतो, पण फोटोखाली गावाचं नाव लिहायचं नाही. मी आजही लिहीत नाही. लांडग्याची किंवा खोकडाची गुहा कुठे आहे हे एकदा फिरलं की दुसऱ्या रविवारी तिथे आठ गाड्या उभ्या असतात, आणि मादी पिल्लं उचलून दुसरीकडे नेते, बरेचदा भर उन्हात. फोन आणि कॅमेरा दोन्हीतली जागेची नोंद बंद करून ठेवा. चिंकारा निवांत पाहायचा असेल तर सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य तुम्हाला जवळ आहे, तिथे नियम आहेत आणि ते पाळले की जनावर बुजत नाही.

भिगवणला जरूर जा. उजनीच्या पाण्यावर होडीतून रोहित पाहणं हा आनंदच आहे, आणि होडीवाल्या मच्छीमारांनी त्यातून पोटापाण्याची चांगली वाट काढली आहे. पुण्याजवळच्या कवडीपाटला हिवाळ्यात चक्रवाक मिळतात. पण वर्षातून एक-दोनदा. तिथे दहा माणसं एकाच होडीतून एकाच पक्ष्याचा एकच फोटो काढतात. तुमच्या हरभऱ्यातला कोतवाल फक्त तुम्हालाच माहीत आहे.

गावातल्या माणसांबद्दल दोन शब्द. घरांच्या, पाणवठ्याच्या दिशेने लांब नळीचा कॅमेरा रोखलेला कुणालाही आवडत नाही, त्यातून बायका धुणं धूत असतील तर नाहीच. आधी सांगा काय करताय. दुसऱ्याच्या रानात विचारून जा, उभ्या पिकातून चालू नका. ज्वारी हुरड्यात आली की राखणीला मचाण असतं. मालकाला विचारून तासभर त्यावर बसा, भोरड्यांचे थवे डोळ्यांच्या पातळीवरून जातात. राखणदार गोफण फिरवून त्यांना हाकलणार, त्याचं पीक आहे, त्याला आडवू नका. चांगला फोटो आला तर छापून त्याच्या घरी द्या.

लेन्सचे पैसे हातात खुळखुळत असतील तर एक पावसाळा आणि एक हिवाळा जाऊ द्या. नंतरही वाटलं तर पुण्यात १५०-६०० भाड्याने मिळते, दोन शनिवार-रविवार वापरून पाहा. दोन किलोचं वजन घेऊन तुमच्या माळावर चढवतं का, हेही तेव्हाच कळेल.

आणि तुम्ही सहज लिहिलंय की ओढ्याच्या वळणावर काटेसावरीचं मोठं झाड आहे. मला तुमचा हेवा वाटला. जानेवारीअखेर ती पानं गाळते आणि फेब्रुवारीत लाल फुलांनी भरते. पान एकही नाही, म्हणजे पक्षी झाकला जात नाही. सकाळी फुलांच्या वाट्यांत मध असतो, तेव्हा बुलबुल, साळुंक्या, भोरड्या, हळद्या, शिंजीर, कोतवाल, वर खारी, सगळे तिथे भांडायला येतात. खालून काढू नका, पांढऱ्या आकाशावर सगळे काळे दिसतील. ओढ्याला उंच दरड असेल किंवा वरच्या टप्प्यातला बांध, तिथून झाडाच्या मध्यावरची फांदी डोळ्यासमोर येते का ते पाहा, मागे लांबचा डोंगर यायला हवा. ही जागा आत्ताच शोधून ठेवा, झाड हिरवं असतानाच. पहिली कळी फुगलेली दिसली की त्या शनिवारी सूर्य उगवायच्या आधी पिशवीत ज्वारी भरून तिथे जाऊन बसा.